दावणीची जनावरे आणि उसातला बिबट्या

दिवेलागणीच्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यातील एखाद्या मळ्यावर गेले, तर शेतकऱ्याचे घर केवळ माणसांचे नसते हे सहज ध्यानात येते. गाई दावणीला रवंथ करीत बसलेल्या असतात. रानातून परतलेल्या शेळ्या आपापल्या करडांना हुंगत असतात. कोंबड्या खुराड्याच्या दाराशी गर्दी करतात, मांजर चुलीच्या उबेला येऊन बसते आणि कुत्रा उंबऱ्यापाशी अंग टाकून, पण कान टवकारून पडलेला असतो. आढ्याच्या सांदीतील चिमण्यांचा गलका शांत होतो आणि पडक्या भिंतीच्या कोनाड्यातून गव्हाणी घुबड उंदरांच्या शोधार्थ बाहेर पडते. अंगणापलीकडे, पाच-पंचवीस पावलांवर उसाचा फड सुरू होतो. त्या फडात दिवसभर पाचटावर विसावलेला आणखी एक प्राणी याच वेळी जागा होत असतो. त्याला कोणी दावे लावलेले नाही, की त्याच्यापुढे कोणी वैरण टाकलेली नाही. तरीही त्याचे पोट बहुतांशी याच अंगणावर चालते. हा प्राणी म्हणजे बिबट्या होय. गावकरी त्याला सरसकट ‘वाघ’ म्हणतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, पारनेर आदी तालुक्यांतील बागायती गावांना हा शेजार आता नवा राहिलेला नाही. या शेजारापायी शेळ्या-वासरे दगावली आहेत. माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे बळीही गेले आहेत. म्हणून पाळीव जनावरे कशी सांभाळावीत आणि रानटी जनावराशी कोणत्या मर्यादेपर्यंत संबंध ठेवावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो. या दोहोंची गाठ शेतकऱ्याच्या अंगणातच पडलेली आहे.

घरची, आसऱ्याची आणि रानची जनावरे

शेतकऱ्याच्या घराभोवती वावरणाऱ्या जनावरांचे ढोबळ मानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग पाळीव जनावरांचा. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा आणि मांजर ही जनावरे शेकडो पिढ्या माणसाच्या सहवासात वाढलेली आहेत. त्यांना चारापाणी देणे, रोगापासून जपणे आणि रात्री सुरक्षित निवारा देणे हे मालकाचे कर्तव्यच होय.

दुसरा वर्ग घराच्या आसऱ्याने राहणाऱ्यांचा. गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस, पाल, चिमणी ही मंडळी कोणी पाळलेली नसतात. घरात धान्य असते म्हणून उंदीर येतात आणि उंदीर असतात म्हणून घुबड व धामण येतात. त्यांना मारू नये आणि पकडून पाळण्याचाही प्रयत्न करू नये. आपापल्या जागी राहूनच ती शेतकऱ्याचे काम करीत असतात.

तिसरा वर्ग रानच्या जनावरांचा. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, हरिण, मोर व माकड ही यांपैकी होत. यांतील काही जनावरे माणसाने खाऊ घातल्यामुळे किंवा लहानपणी उचलून आणल्यामुळे अर्धवट माणसाळतात. सर्वांत अधिक त्रास उद्भवतो तो या अर्धवट अवस्थेतून. दररोज भाकरीचा तुकडा मिळालेले माकड पुढे मुलाच्या हातातील भाकरी हिसकावते. पिंजऱ्यातील पोपट बोलू लागला म्हणून घरात कौतुक होते. परंतु आपल्या देशातील रानपोपट पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. काळविटाची मादी नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला गवतात किंवा पिकात निश्चल बसवून चरावयास जाते. असे एकटे पाडस पाहून कनवाळू माणूस त्यास पोरके समजतो व घरी आणतो. वस्तुतः त्याची आई जवळपासच असते. बाटलीच्या दुधावर वाढलेल्या नराला पुढे माणसाची भीती उरत नाही आणि शिंगे आल्यावर तो ज्याने वाढविले त्याच्याच अंगावर धावून जाऊ शकतो. दयेपोटी केलेली कृती अशा रीतीने प्राण्याच्या व माणसाच्या, दोघांच्याही अहिताची ठरते.

बिबट्या उसात कसा स्थिरावला

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्याने खालच्या खोऱ्यातील कोरडवाहू जमिनीचे रूप पालटले. पुढे १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याची ख्याती झाली. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची आणि उसाच्या क्षेत्राची वाढ होत गेली. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. आत दाट सावली, गारवा व पाटाचे पाणी असते आणि मनुष्याची वर्दळ क्वचित असते. लपून राहणाऱ्या जनावरास याहून सोयीचा निवारा कोठला?

निवाऱ्याबरोबर अन्नाचीही सोय झाली. बागायतीमुळे मळ्यांमळ्यांत वस्त्या झाल्या. प्रत्येक वस्तीवर कुत्रा, मांजर, कोंबड्या व चार-दोन शेळ्या आल्या. बिबट्या हा खाण्याच्या बाबतीत फारसा चोखंदळ नाही. हरिण व रानडुक्कर मिळाले नाही, तर कुत्र्या-मांजरावर, प्रसंगी उंदरा-घुशींवरही तो गुजराण करतो. त्यामुळे जंगलापासून दूर असलेल्या उसाच्या पट्ट्यातच बिबट्याच्या माद्या विऊ लागल्या आणि पिले तेथेच वाढू लागली. अशा पिलांना उसाचा फड हेच आपले रान वाटते.

अकोले तालुक्यातील या परिस्थितीचा शास्त्रीय अभ्यास वन्यजीव शास्त्रज्ञ डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून त्यांनी प्राण्यांची गणना केली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या या शेतीप्रधान खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे व तितकेच तरस आढळले. गळ्यात यंत्राचा पट्टा बांधलेल्या बिबट्यांच्या हालचालींवरून असेही दिसून आले, की ते दिवसा वस्तीपासून दूर राहतात आणि रात्री, माणसे निजल्यावर, घरापासून २५ मीटरच्याही आत येऊन जातात. याचा अर्थ असा, की बिबट्या माणसाची वेळ ओळखून ती टाळतो. हा त्याचा स्वभाव टिकून राहणे माणसाच्याच हिताचे आहे.

बंद दाराचा महिमा

बिबट्या नेमके काय खातो, हेही अकोल्यातच अभ्यासले गेले. त्याच्या विष्ठेतील केस तपासून भक्ष्याची ओळख पटविण्यात आली व २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता. त्यांत एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के आणि मांजराचा १५ टक्के होता. शेळ्यांचा वाटा मात्र केवळ ११ टक्के भरला.

या आकड्यांतील मर्म शेतकऱ्याने लक्षपूर्वक जाणून घ्यावे. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. शेळी दुबळी, तिचे मांस भरपूर, आणि ती पळून जाण्यासही असमर्थ. मग बिबट्याच्या वाट्याला कुत्रे अधिक व शेळ्या कमी का आल्या? शेळी मोलाची असल्यामुळे शेतकरी तिला रात्री दाराआड ठेवतो, हे त्याचे सरळ कारण दिसते. कुत्रा रात्रभर अंगणात मोकळा फिरतो किंवा ओट्याच्या खांबाला बांधलेला असतो. शेळी आणि बिबट्या यांच्यामध्ये एक कडी लावलेले दार असते. कुत्रा आणि बिबट्या यांच्यामध्ये काहीच नसते. म्हणजे बंद दार उपयोगी पडते, याचा पुरावा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी स्वतःच्याच वहिवाटीने दिलेला आहे. आता त्या दाराचा लाभ सर्वच जनावरांना मिळवून द्यावयाचा आहे.

अंगणात बांधलेला कुत्रा घराची राखण करतो, अशी समजूत आहे. चोराच्या बाबतीत ती खरी असेलही. बिबट्याच्या बाबतीत मात्र साखळीला अडकलेला कुत्रा हे आयते भक्ष्य ठरते. त्याला पळता येत नाही आणि लढण्याची ताकद नसते. एकदा असे भक्ष्य मिळाले, की बिबट्या त्याच दाराशी पुन्हा येतो. त्या दाराच्या आत मुले निजलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

पकडून दूर सोडल्याने काय होते

बिबट्या दिसताच पिंजरा लावावा आणि त्याला दूर नेऊन सोडावे, ही मागणी गावोगाव होते. ती स्वाभाविक आहे. परंतु शेजारच्या जुन्नर भागातील अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथे २००१ ते २००३ या काळात उसाच्या पट्ट्यातून बिबटे पकडून ते जंगलात सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर झाला. त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. या काळात ते सरासरी १७ पर्यंत वाढले आणि हल्ल्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाणही दुपटीहून अधिक झाले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, बिथरलेला प्राणी माणसाला अधिक धोकादायक ठरला. शिवाय ज्या फडातून तो काढला, ती जागा रिकामी राहत नाही. तेथे अन्न व निवारा असतोच. कालांतराने दुसरा बिबट्या येऊन ती जागा घेतो.

सोडलेला प्राणी सोडल्या जागी राहतो असेही नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्यास बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या या बिबट्याने शेते, लोहमार्ग, महामार्ग व वसईची खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास केला आणि तो थेट मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. या वाटचालीत त्याने कोणा माणसावर हल्ला केल्याचे आढळले नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्या या प्रवासावर २०१४ मध्ये ‘आजोबा’ याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. बिबट्याला माणसाने ठरविलेली हद्द मान्य नसते, एवढे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

अर्थात, माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याचा बंदोबस्त करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्याही शेतकऱ्याने आपल्या मुलाच्या जिवाची किंमत देऊन हा शेजार सांभाळावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. अशा प्रसंगी तो प्राणी पकडणे वा अन्य उपाय योजणे याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना दिलेला आहे. गावाने त्वरित व खरी माहिती पुरविली, तरच हा निर्णय वेळेवर व योग्य प्राण्याबाबत होऊ शकतो. संतापाच्या भरात फासे लावणे, विष घालणे किंवा जमावाने घेराव करणे यामुळे बिबट्या जखमी होतो. आणि जखमी बिबट्याइतका माणसाला घातक दुसरा बिबट्या नाही.

तोडणीच्या वेळी सापडणारी पिले

दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जिल्ह्यात दाखल होतात. तोडणी फडाच्या मध्याशी आली, की कधी कधी पाचटात दोन-तीन ठिपकेदार पिले आढळतात. मांजराच्या पिलाएवढी, क्वचित डोळेही न उघडलेली ही पिले पाहून कोणासही उचलून घेण्याचा मोह होतो. मुले ती घरी नेतात, दूध पाजतात, छायाचित्रे काढतात. येथेच मोठा अनर्थ घडू शकतो.

मादी भक्ष्याच्या शोधात पिलांना तासन्‌तास एकटे ठेवते. ती परत येते तेव्हा पिले जागेवर नसली, तर ती त्यांचा माग काढीत वस्तीभोवती घिरट्या घालू लागते आणि त्या मनःस्थितीत माणसावर धावून जाण्याचा संभव वाढतो. म्हणून पिले दिसताच तोडणी थांबवावी, माणसांनी मागे सरावे आणि वन विभागास कळवावे. पिलांना हात लावू नये, गर्दी करू नये व शेकोटी पेटवू नये. पाला जाळून ऊस तोडण्याची रीत तर या कारणासाठीही सर्वथा टाळावी.

वन विभागाचे कर्मचारी व जुन्नरजवळील माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्य अशा पिलांची तपासणी करतात आणि सायंकाळी ती सापडल्या जागीच उघड्या खोक्यात ठेवतात. जवळ कॅमेरा लावून सर्वजण दूर जातात. बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री मादी येते व एकेक पिलू तोंडात धरून सुरक्षित जागी नेते. या पद्धतीने पुष्कळ पिले आपल्या आईकडे परत गेली आहेत. काही वेळा सापडलेली पिले बिबट्याची नसून रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. त्यांच्या बाबतीतही हीच रीत योग्य होय.

पिलू पाळून माणसाळवता येईल, असे काहींना वाटते. यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाचा दाखला दिला जातो. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी पोरक्या वन्य प्राण्यांचा सांभाळ केला आणि बिबट्यासह अनेक प्राणी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळे ते जग मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु त्या प्राण्यांची कहाणी वेगळी आहे. त्यांच्या आया शिकारीत मारल्या गेल्या होत्या आणि परत जाण्यास त्यांना आईच उरली नव्हती. उसातील पिलाची आई जिवंत असते व त्याच रात्री येणार असते. माणसाच्या हाताखाली वाढलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही, कारण त्याला माणसाची भीती राहिलेली नसते. त्याचे उरलेले आयुष्य पिंजऱ्यातच जाते. कायदाही या बाबतीत कठोर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे व त्यास पकडणे हीसुद्धा शिकारच समजली जाते. या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आहे.

जनावरांचा रात्रीचा निवारा

शेळ्या-मेंढ्यांचा गोठा चारही बाजूंनी व वरूनही बंद असावा. केवळ उंच भिंत पुरत नाही. बिबट्या झाडावर चढणारा व लांब उडी घेणारा प्राणी आहे. कुडाच्या किंवा तुराट्यांच्या भिंती तो सहज फाडतो. दगड-विटांचा पाया, त्यावर मजबूत लोखंडी जाळी आणि पत्र्याचे घट्ट बसविलेले छप्पर अशी रचना उत्तम. जाळीची भोके पंजा आत जाणार नाही इतकी लहान असावीत. दाराच्या खाली फट ठेवू नये व कडी धक्क्याने निघणार नाही अशी असावी. हवा खेळती राहावी म्हणून झरोके ठेवून त्यांनाही जाळी मारावी. बंदिस्त जागेत बिबट्या शिरला, तर घाबरून सैरावैरा धावणाऱ्या शेळ्यांपैकी अनेक तो मारतो. म्हणून अर्धवट बंद गोठा हा उघड्यापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो.

वासरे व कालवडी मोठ्या जनावरांच्या मध्ये, आतील बाजूस बांधाव्यात. खुराडे घराच्या भिंतीला लागून पक्के असावे. कुत्र्यालाही रात्री आत, पडवीत किंवा गोठ्यात घ्यावे. तो आतून भुंकला तरी सूचना मिळते आणि तो वाचतोही. कुत्र्याला रेबीज प्रतिबंधक लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा किंवा कोणतेही रानटी जनावर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखमेवर हळद, चुना, तिखट वगैरे लावण्यात वेळ दवडू नये.

मोकाट कुत्र्यांची संख्या उकिरड्यामुळे वाढते. मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण व खाटीकखान्यातील टाकाऊ भाग गावाबाहेर उघड्यावर टाकल्यास त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागोमाग बिबट्या येतो. मृत जनावरे खोल खड्ड्यात पुरावीत. कुत्र्यांचे निर्बीजीकरण ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन खात्याच्या साहाय्याने करावे. मात्र गोठे पक्के करण्याआधीच गावातील कुत्री एकाएकी नाहीशी झाली, तर बिबट्याचा भार शेळ्यांवर पडेल, याचेही भान ठेवावे. आधी गोठा, मग उकिरडा आणि त्याबरोबर कुत्र्यांचे नियंत्रण, असा क्रम हितावह होय.

कठडा नसलेल्या विहिरीत रात्री बिबटे पडतात. कठडा बांधल्याने बिबट्याबरोबर घरची वासरे आणि मुलेही वाचतात. बिबट्या पडलाच, तर दोरांनी बाज खाली सोडून त्याला तिचा आधार देता येतो. पण हे काम वन कर्मचारी आल्यावर त्यांच्या सूचनेनेच करावे.

माणसांची दक्षता

लहान मुलांना सायंकाळनंतर अंगणात एकटे सोडू नये. उसाला लागून असलेल्या ओट्यावर उघड्यावर झोपण्याची सवय मोडावी. शौचासाठी अंधारात बांधावर बसणे फार धोक्याचे आहे. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो. घरचा संडास वापरणे हा या दृष्टीनेही जीव वाचविणारा उपाय आहे. घर व उसाचा फड यांमध्ये शक्य तितकी मोकळी जागा ठेवावी आणि घराभोवतालचे गवत-झुडूप काढून दिवा लावावा.

रात्री पाणी द्यावयास जाताना दोघांनी मिळून जावे, हाती विजेरी व काठी असावी आणि मोठ्याने बोलत चालावे. बिबट्या समोर आलाच, तर पळू नये व खाली वाकू नये. मुलाला उचलून घ्यावे, हात वर करून मोठा आवाज करावा आणि त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरावे. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडालगत असतात व त्यांना दार नसते. त्यांची मुले सर्वांत अधिक उघड्यावर असतात. या कोप्या मोकळ्या जागी एकत्र असाव्यात, तेथे उजेडाची सोय असावी आणि आई-वडील तोडणीस गेल्यावर मुलांजवळ एखादे मोठे माणूस थांबावे, याची व्यवस्था मळेवाले व कारखाने यांनी मिळून केली पाहिजे.

बिबट्याने जनावर मारल्यास शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत वन विभागास कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक प्रत्येक वस्तीच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

हे सर्व उपाय एकट्या घराने केले, तर बिबट्या शेजारच्या घरी जाईल. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने गाळप हंगामापूर्वी वस्तीवस्तीवर फिरून कोणाचा गोठा उघडा आहे, कोणत्या विहिरीस कठडा नाही, मृत जनावरे कोठे टाकली जातात याची यादी करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. ज्या विधवा वा भूमिहीन कुटुंबाची दोन शेळ्यांवरच गुजराण आहे, त्याच्या गोठ्याला पहिला क्रम द्यावा. बिबट्या दिसल्याची वार्ता पसरली, तर ती खरी की अफवा, हे वनरक्षकाबरोबर पाहून मगच लोकांना सांगावे.

अकोल्याच्या डोंगरी भागात महादेव कोळी व ठाकर समाजात वाघोबाची ठाणी आहेत आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. गुराख्यांनी वाघोबाला नैवेद्य दाखवून आपली गुरे सुखरूप राहोत, असे मागणे मागण्याची ही जुनी चाल आहे. त्या ठाण्याचे स्थान बहुधा वस्तीच्या कडेला किंवा रानाच्या वाटेवर असते. वाघाचा मान राखावयाचा, त्याला घरात घ्यावयाचे नाही, आणि आपली गुरेही त्याच्या स्वाधीन करावयाची नाहीत, असा व्यवहार त्या पूर्वजांनी सांभाळला. आज रानाची वाट उसाच्या फडापर्यंत येऊन ठेपली आहे. व्यवहार मात्र तोच पुरेसा आहे. येत्या वाघबारसेला नैवेद्य दाखवून घरी परतल्यावर शेतकऱ्याने आपल्या शेळ्यांच्या गोठ्याची कडी एकदा हलवून पाहावी आणि ती सैल असल्यास त्याच दिवशी पक्की करावी.